कोऽहम् विचारणारा डबा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. एका कारखान्यातली सर्व्हर रूम बघणारा मुलगा होता.

"सर, लाइट आली. सगळं चालू झालंय. डबा पण चालू आहे, दिवे लुकलुकतायत. पण चाकणवाले म्हणतात, लागत नाही."

"तुमच्या इथून लागतोय का?"

"हो, आमच्याकडून एकदम ओके."

बिघाडाचं सगळं निदान त्या दोन वाक्यांत होतं. ते माझ्या डोक्यात शिरायला मात्र दोन तास लागले. का लागले ते सांगायचं, तर आधी हा डबा काय असतो आणि वीज आल्यावर तो उठतो कसा, हे सांगावं लागेल. तेच जरा निवांतपणे सांगतो.

डबा म्हणजे टर्मिनल सर्व्हर, सिरियल तारेवर, म्हणजे एकेक बिट रांगेत पाठवत, बोलणारी यंत्रं नेटवर्कला जोडून देणारं यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव भारदस्त असतं, नेटवर्क कम्युनिकेशन्स सर्व्हर वगैरे. एका बाजूला इथरनेटची एक तार, दुसऱ्या बाजूला सिरियल पोर्टांची रांग. पोर्ट १६ असतील, ३२ असतील, मोठ्या डब्याला ६४. पूर्वी या पोर्टांना टर्मिनल, प्रिंटर आणि मोडेम लागायचे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या काळातली मोडेमची किंचाळी काही वाचकांना आठवत असेल. जगभरच्या डायल-अप सेवांमध्ये त्या किंचाळीच्या पलीकडच्या टोकाला, मोडेमच्या चळतीमागे, याच जातीचं यंत्र बसलेलं असे. आता मोडेम गेले, पण वजनकाटा, जुनी सीएनसी मशिनं, राउटरचे कन्सोल पोर्ट अशा गोष्टी अजून सिरियलवरच बोलतात. त्यामुळे डबाही टिकून आहे.

या जातीतलं एक गाजलेलं नाव ॲनेक्स. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधली झायलॉजिक्स ही कंपनी तो बनवायची. त्याचं मूळ एन्कोर कंप्युटर या कंपनीत. इंटरनेटच्या अधिकृत यादीत १२१ क्रमांकाच्या पोर्टासमोर (हा पोर्ट म्हणजे तार खोचायचं भोक नव्हे, सेवेचा क्रमांक) अजून एन्कोरचं नाव आहे, ते या डब्याच्या बोलीमुळेच. पुढे १९९५ मध्ये बे नेटवर्क्सने झायलॉजिक्स घेतली, १९९८ मध्ये नॉर्टेलने बे घेतली, आणि २००९ मध्ये नॉर्टेलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. मालक बदलत गेले, मिटले, आणि कुठकुठल्या रॅकमध्ये डबे मात्र चालूच राहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. या डब्यांना बहुतेक वेळा डिस्कच नसायची. ऐंशीच्या दशकात डिस्क महाग होती, वर तिच्यात फिरणारे भाग, म्हणजे बिघडायला कारण. त्यापेक्षा डब्याचं सॉफ्टवेअर नेटवर्कवरच्या एखाद्या युनिक्स मशिनवर ठेवायचं आणि उठल्यावर डब्याने ते तिथून मागून घ्यायचं. एका जागी नवी आवृत्ती टाकली, की सगळे डबे पुढच्या वेळी तीच घेऊन उठणार. कल्पना झकास आहे. फक्त एक अडचण: नेटवर्कवरून सॉफ्टवेअर मागवायचं तर नेटवर्कवर बोलता यायला हवं, आणि नेटवर्कवर बोलायला सॉफ्टवेअर हवं. यंत्राच्या उठण्याला बूट म्हणतात, तो शब्द इंग्रजीत आला तोही याच पेचातून, आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून. आपण लहानपणी अंडं आधी की कोंबडी म्हणून भांडायचो, तोच हा प्रकार.

पेच सोडवायचा तर थोडंसं तरी ज्ञान जन्मजात द्यावं लागतं. ते असतं रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत. वीज आली, की प्रोसेसर डोकं न वापरता एका ठरलेल्या जागी जातो. मोटोरोलाच्या ६८००० कुळातला प्रोसेसर घ्या. तो मेमरीच्या अगदी सुरुवातीचे दोन आकडे वाचतो. पहिला आकडा सांगतो की चिठ्ठ्याचपाट्या ठेवायला मेमरीतली जागा कुठून घ्यायची, आणि दुसरा सांगतो की पहिली आज्ञा कुठे आहे. बस्स, एवढ्यावर सगळा डोलारा.

रॉममधला हा छोटा प्रोग्राम आधी स्वतःला चाचपतो. रॉममधल्या सगळ्या आकड्यांची ठरलेल्या रीतीने बेरीज करतो आणि ती लिहून ठेवलेल्या बेरजेशी जुळते का बघतो. मग मेमरी तपासतो. प्रत्येक जागी ०१०१०१०१ लिहायचं आणि परत वाचायचं, मग उलटं १०१०१०१० लिहायचं आणि परत वाचायचं. एखादा बिट अडकून बसला असेल किंवा शेजारच्याला चिकटला असेल तर इथे सापडतो. मग सिरियल चिपा, मग इथरनेट. पुढचे दिवे लुकलुकतात ते या वेळी. "दिवे लुकलुकतायत" याचा अर्थ सुरुवातीला तरी इतकाच, की डबा श्वास घेतोय. ॲनेक्सला पुढे एक बटण होतं. चालू होताना ते दाबलं की तो पुढे न जाता रॉममधल्याच छोट्या मॉनिटरमध्ये थांबायचा. तिथे कन्सोल केबल लावून हाताने पत्ता भरता यायचा, दुसऱ्या मशिनला पिंग करून, म्हणजे हाक मारून, तार ठीक आहे ना ते बघता यायचं. आजच्या राउटरमध्ये ही जागा बहुतेक यू-बूट नावाच्या प्रोग्रामने घेतली आहे. ऑटोबूट थांबवायचं तर कुठलीही कळ दाबा असं म्हणत तो दोन-तीन सेकंद उलटी मोजणी करतो, आणि आपण नेमके त्याच वेळी केबल शोधत असतो.

चाचपणी झाली. आता खरा प्रश्न. आपल्याकडे म्हणतात, की गर्भात सोऽहम् म्हणणारं मूल जन्मताच कोऽहम् म्हणून टाहो फोडतं. डब्याचं अगदी तेच. त्याला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, माहीत नाही, नाव माहीत नाही, घरमालक कोण ते माहीत नाही. ठाऊक असतो तो फक्त कारखान्यात कोरून दिलेला मॅक अॅड्रेस. सहा बाइटांचा हा आकडा, त्यातले पहिले तीन बाइट कंपनीचे. झायलॉजिक्सच्या डब्यांवर ते ००-८०-२डी असत. हा आकडा म्हणजे जन्मखूण. जन्मखुणेवरून ओळख पटते, पण तिच्यावर पत्र येत नाही.

मग डबा दवंडी देतो: माझी जन्मखूण ही अशी अशी, माझा पत्ता कोणाला ठाऊक आहे का हो? स्टॅनफर्डच्या मंडळींनी १९८४ मध्ये यासाठी आरएआरपी नावाची रीत लिहून काढली. ती चालायची, पण फार तोकडी होती. उत्तरात आयपी पत्ता यायचा, बाकी काही नाही. आणि दवंडी गल्लीच्या बाहेर जायची नाही, म्हणजे राउटर ओलांडायची नाही. जितके मजले तितके उत्तर देणारे ठेवा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या डेकसर्व्हर डब्यांनी वेगळा मार्ग धरला होता. ते सगळ्या गावाला ओरडून सांगण्याऐवजी ठरलेल्या एका गटालाच हाक मारायचे. बूट करून देणारी मशिनं तेवढी त्या हाकेला कान लावून बसलेली. शेजाऱ्यांची झोपमोड कमी.

१९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी ही पुढची रीत लिहिली, आणि तिथून आजपर्यंत आपण मूळ त्याच कागदावर काम करतोय. मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अर्ज आणि उत्तर यांचा नमुना एकच आहे. सरकारी कचेरीतला फॉर्म डोळ्यांसमोर आणा. अर्जदार आपला मॅक अॅड्रेस लिहितो, बाकीचे रकाने कोरे सोडतो. पलीकडचा बाबू तोच फॉर्म घेतो, "तुझा पत्ता" या रकान्यात आयपी लिहितो, "फाइल कोणाकडे मिळेल" यात सर्व्हरचा पत्ता लिहितो, "फाइलचं नाव" भरतो आणि फॉर्म परत पाठवतो. अर्जावर डब्याने मनाने टाकलेला एक क्रमांकही असतो. उत्तरावर तोच क्रमांक दिसला, की डब्याने ओळखायचं की हे आपलंच.

फॉर्मवर आणखी एक रकाना आहे, त्याला मी "मार्फत" म्हणतो. दवंडी राउटर ओलांडत नाही ही आरएआरपीची अडचण इथे सुटली. मधला राउटर दवंडी ऐकतो, मार्फत या रकान्यात स्वतःचा पत्ता घालतो आणि अर्ज नेमक्या सर्व्हरकडे रवाना करतो. सर्व्हरला मार्फत बघून कळतं, की अर्जदार कुठल्या गल्लीतला आहे, म्हणजे पत्ता कुठल्या गल्लीतला द्यायचा. उत्तर त्याच वाटेने परत.

एक बारीक गाठ इथे राहतेच. सर्व्हरने पत्ता दिला, पण उत्तर पोचवायचं कसं? नेहमीच्या रीतीने सर्व्हर आधी विचारतो, की अमुक आयपी कोणाचा. तो ज्याचा आहे त्याला तर अजून कळलेलंच नाही! पत्र ज्याच्या नावाने आलंय, त्यालाच आपलं नाव माहीत नाही. बूटपीच्या मूळ कागदात यावर एक छोटा विभाग आहे आणि त्याच्या मथळ्यात चक्क अंडं-कोंबडी आहेत. उपाय दोन. एकतर सर्व्हरने आपल्या वहीत परस्पर लिहून ठेवायचं, की या आयपीची जन्मखूण ही, आणि विचारणा न करताच पाठवायचं. नाहीतर उत्तराचीही दवंडी द्यायची.

पुढे १९९३ मध्ये बूटपीचा वारस डीएचसीपी आला. १९९७ च्या ज्या कागदावर तो आजही मुख्यतः चालतो, तो राल्फ ड्रोम्स यांचा. फॉर्म बूटपीचाच, फक्त खाली पुरवण्या जोडायला भरपूर जागा. त्या पुरवण्यांच्या तोंडाशी ९९.१३०.८३.९९ असे चार आकडे असतात. त्यांना स्वतःचा अर्थ काही नाही, पुढे पुरवण्या आहेत एवढं सांगायचं. ही खूणसुद्धा बूटपीच्या काळातलीच. बूटपीच्या वहीत कोणत्या जन्मखुणेला कोणता पत्ता हे माणसाने हाताने लिहून ठेवायचं. डीएचसीपी पत्ता भाड्याने देतो. आपले अकरा महिन्यांचे करार असतात तसंच, फक्त इथे मुदत काही तासांची किंवा दिवसांची. निम्मी मुदत झाली की भाडेकरू स्वतःहून नूतनीकरण मागायला जातो. घरमालक भेटला नाही तर मुदतीचे सात-अष्टमांश उलटल्यावर मिळेल त्या मालकाला विचारतो.

लाइट जाऊन येण्याशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. वीज आली, की इमारतीतली सगळी यंत्रं एकाच क्षणी कोऽहम् म्हणून ओरडतात. उत्तर देणारा गुदमरतो. उत्तर आलं नाही म्हणून सगळी परत ओरडतात, तीही एकाच वेळी. म्हणून नियम असा, की पहिल्यांदा उत्तर नाही आलं तर साधारण ४ सेकंद थांबा, मग ८, मग १६, असं ६४ पर्यंत, आणि प्रत्येक वेळी त्यात एखादा सेकंद मनाने कमी-जास्त करा. तो मनाने टाकलेला सेकंद सगळ्यात महत्त्वाचा. त्यानेच गर्दी फाकते.

आणि या सगळ्याचा पाया किती भाबडा आहे ते बघा. दवंडीला जो आधी ओ देईल त्याच्यावर बहुतेक यंत्रं विश्वास ठेवतात. एका ऑफिसात कोणीतरी वायफाय नीट मिळावं म्हणून घरचा राउटर आणला आणि भिंतीतली तार नेमकी त्याच्या चुकीच्या भोकात खोचली. घरच्या राउटरच्या अंगात डीएचसीपी सर्व्हर असतोच, आणि जवळ असल्यामुळे तो खऱ्या सर्व्हरपेक्षा चपळ. ज्यांनी सकाळी आधी मशिन लावली ती मंडळी सुखात, नंतर आलेल्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते मिळाले आणि ती वाळवंटात. अर्धं ऑफिस चालू, अर्धं बंद, आणि प्रत्येकाच्या मते दोष दुसऱ्याच कशाचा तरी. चांगल्या स्विचमध्ये आता अशी सोय असते, की डीएचसीपीचं उत्तर अमुक पोर्टातूनच आलं तर चालेल, बाकीची अडवायची. सोय असते. चालू केलेली असतेच असं नाही.

पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं. आता फाइल आणायची. ॲनेक्सची स्वतःची एक रीत होती, शिवाय टीएफटीपी ही फाइल आणायची साधी रीतही चालायची. टीएफटीपीचा कागद १९८१ चा. तो इतका साधा आहे, की रॉममध्ये मावतो, आणि त्याच्या चिकाटीचं कारणही तेच. पासवर्ड नाही, फोल्डर बघायची सोय नाही. अमुक फाइल द्या म्हणायचं आणि घ्यायची.

घ्यायची कशी, ते हमालासारखं. ट्रकवरून पोती उतरवताना हमाल एक पोतं टाकतो, पोच घेतो, मगच दुसऱ्याला हात लावतो. टीएफटीपीचं पोतं ५१२ बाइटांचं. पहिलं पोतं, पोच. दुसरं पोतं, पोच. पोच आली नाही तर तेच पोतं पुन्हा. शेवटचं पोतं कोणतं हे सांगायला वेगळा निरोपसुद्धा नाही: ५१२ पेक्षा हलकं पोतं आलं, की माल संपला. मग फाइल ५१२ ने पूर्ण भागली जात असेल तर? तर शेवटी एक रिकामं पोतं पाठवतात आणि त्याचीही पोच घेतात. मला हे पहिल्यांदा तारेवरून जाणारी पॅकेटं पकडून बघताना दिसलं, तेव्हा मी उगाच हसलो होतो.

साधेपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. १ एमबीची फाइल म्हणजे २०४८ पोती. डबा आणि सर्व्हर एकाच खोलीत असतील आणि जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागत असेल, तर सगळा माल दोनेक सेकंदांत येतो. तोच सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल आणि जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागत असतील, तर ८२ सेकंद. तार कितीही जाड असो, फरक पडत नाही, कारण तार बहुतेक वेळ रिकामीच असते. हमाल पोचेची वाट बघत उभा. पोत्यांचे क्रमांकही फक्त ६५५३५ पर्यंत जातात, म्हणून मूळ रीतीने ३२ एमबीच्या आसपास गाडी अडायची. १९९५ मध्ये पोत्याचा आकार आधी बोलून ठरवायची सोय झाली, तेव्हा दोन्ही दुखणी हलकी झाली.

फाइल मेमरीत उतरली, तिची बेरीज जुळली, की रॉमचा प्रोग्राम सूत्रं तिच्या हाती देतो आणि बाजूला होतो. आजकाल सर्व्हर नेटवर्कवरून बूट होतात ते याच घराण्यातल्या रीतीने. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला पीएक्सई हे नाव दिलं. त्यात एक गंमत नेहमी दिसते. आधी नेटवर्क कार्डातला प्रोग्राम पत्ता मागतो. त्याने आणलेला बूटलोडर काही वेळा पुन्हा मागतो. त्याने आणलेली लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, किंवा तिच्यानंतरचा इन्स्टॉलर आणखी एकदा मागतो. प्रत्येक जण नव्याने जन्मलेला, प्रत्येकाचा आपापला कोऽहम्. सर्व्हरच्या नोंदवहीत एकाच जन्मखुणेचे तीन अर्ज पाहून नवी पोरं घाबरतात. घाबरायचं कारण नाही.

तुमच्या घरच्या फायबरच्या डब्याचं सॉफ्टवेअर त्याच्या पोटातच असतं, तो भाग वेगळा. पण उठल्यावर त्यालाही ओळख पटवावी लागते. त्याचा पॉन नावाचा दिवा लुकलुकत असतो तेव्हा तो कंपनीच्या मशिनला आपला सिरियल नंबर सांगत असतो. दिवा स्थिर झाला म्हणजे ओळख पटली. त्यानंतर तो पत्ता मिळवतो आणि बहुतेक वेळा कंपनीच्या व्यवस्थापन सर्व्हरकडून आपली सेटिंग घेतो. तेव्हा लाइट आल्याआल्या तो दर मिनिटाला बंद-चालू करू नका. त्याची रांग प्रत्येक वेळी पहिल्यापासून लागते.

आता कॉन्फिगरेशन. सॉफ्टवेअर आलं म्हणजे डबा जागा झाला, पण कामाला लागला नाही. त्याला ३२ पोर्टांपैकी प्रत्येकाचं वेगळं सांगावं लागतं. या पोर्टावर वजनकाटा, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. पलीकडचा १९२०० ने बोलत असेल तर पडद्यावर नुसती पिसं उडतात. ही माहिती डब्याच्या अंगातल्या एका चिमुकल्या मेमरीत असते, वीज गेली तरी पुसली न जाणाऱ्या. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर कारखान्यातली मूळ सेटिंग लागू.

पण सगळं त्या चिमुकल्या मेमरीत मावत नाही. मोडेमचे गट, लघुनावं, आणि कुठल्या गावाला जायचं तर कुठल्या राउटरकडून, हे रस्ते एका फाइलमध्ये असतात. ती फाइल डबा बूट झाल्यावर त्याच मशिनकडून मागून घेतो, ज्याने त्याला सॉफ्टवेअर दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा. वेळही तो बाहेरूनच विचारतो, कारण बऱ्याच डब्यांत घड्याळ चालू ठेवणारा सेल नसतो आणि तो १ जानेवारी १९७० समजून उठतो. पूर्वी याने फक्त लॉगच्या, म्हणजे नोंदवहीच्या, तारखा हास्यास्पद यायच्या. आता समोरचा सर्व्हर खरा आहे हे सांगणारं सर्टिफिकेट तपासावं लागतं, आणि १९७० मध्ये जगणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने आजचं प्रत्येक सर्टिफिकेट अजून जन्मायचं असतं. वेळ सुरक्षितपणे विचारायची तर सर्टिफिकेट हवं, सर्टिफिकेट तपासायचं तर वेळ हवी. कोंबडी परत आली.

तर तो रविवार.

मी गेलो. डब्याच्या खोलीतून सगळं लागत होतं. वजनकाट्याचे आकडे स्वच्छ येत होते, म्हणजे पोर्टांची सेटिंग ठीक. चाकणहून पिंग केलं तर उत्तर नाही. साहजिकच मी मधल्या लिंकवर संशय घेतला, फायरवॉलवर घेतला, चाकणच्या माणसांवरही घेतला. मधल्या राउटरवर पॅकेट पकडून बघितलं तेव्हा चाकणचे निरोप डब्याकडे जाताना दिसले. डब्याचं उत्तर काही त्या राउटरवर परत येईना.

मग मी जे दोन तास आधी करायला हवं होतं ते केलं. कन्सोल केबल लावली, डबा पुन्हा चालू केला आणि नुसता बघत बसलो. रॉम ठीक. मेमरी ठीक. पत्ता ठीक. मग ठरलेल्या सर्व्हरकडे मागणी. हा सर्व्हर शेवटी १४ असलेल्या पत्त्याचा. या वेळी त्याने लगेच उत्तर दिलं, सॉफ्टवेअर दिलं, रस्त्यांची फाइल दिली. चाकण लागलं.

म्हणजे पुन्हा चालू केल्याने बरं झालं. असल्या बऱ्या होण्यावर माझा अजिबात विश्वास नाही. मी जुना लॉग शोधला. लाइट आली तेव्हाची ओळ होती, आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या मशिनच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १४ नव्हता. ९ होता.

९ म्हणजे कोपऱ्यातलं जुनं युनिक्स मशिन. दोन वर्षांपूर्वी सगळं १४ वर हलवलं, पण ९ बंद करायचं राहून गेलं, आणि त्यावरची बूट करून देणारी सेवासुद्धा. लाइट अचानक गेल्यामुळे १४ उठताना आपली भलीमोठी डिस्क तपासत बसला, वीस-पंचवीस मिनिटं. डब्याने त्याला हाक मारली, वाट बघितली, मग नियमाप्रमाणे दवंडी दिली. ९ ची डिस्क छोटी, ते कधीच उठून बसलेलं. त्याने मोठ्या आनंदाने ओ दिली. सॉफ्टवेअर थोडं जुनं, पण चालणारं. रस्त्यांची फाइल मात्र दोन वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात चाकणला जायचा रस्ता अशा राउटरमार्फत, जो आम्ही स्वतः काढून भंगारात दिला होता. एकाच खोलीतल्या मशिनांना उत्तर द्यायला राउटर लागत नाही, म्हणून "आमच्याकडून एकदम ओके". चाकणला द्यायचं उत्तर डबा इमानेइतबारे पाठवत होता, नसलेल्या राउटरकडे.

डब्याने एकही चूक केली नव्हती. त्याने विचारलं, आम्हीच मागे ठेवलेल्या मशिनने सांगितलं, त्याने ऐकलं.

९ त्याच दिवशी बंद केलं, नेटवर्कची तारही काढली. डब्याच्या सेटिंगमध्ये ठरलेला सर्व्हर सापडला नाही तर दवंडी द्यायची की नाही, असा एक पर्याय असतो, तो "नाही" वर ठेवला. याचा अर्थ १४ बंद असेल तर डबा उठणारच नाही, १४ ची वाट बघत थांबेल. यावर माझं आणि त्या मुलाचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, सर, बंद डब्यापेक्षा अर्धा चालणारा बरा. मला तो पूर्ण बंद हवा होता. बंद डबा दिसतो, अर्धा चालणारा रविवार खातो. शेवटी त्याने स्केचपेनने एक चिठ्ठी लिहून रॅकच्या दारावर चिकटवली. लाइट गेल्यावर आधी १४ चालू करणे. लॉगिन आल्याशिवाय डब्याला हात लावू नये. खाली त्याने दोनदा रेघ ओढली होती.